भरिताने त्रास झाला, रश्श्याने नाही, असं कसं?

पत्र:

नमस्कार ताई. मी भुसावळला ११ वर्षांपासून खानावळ चालवते. रोजचे ४० डबे असतात. रेल्वेतली माणसं आणि क्लासची मुलं. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघीच करतो. मागच्या महिन्यात साखरपुड्याची ७० पानांची ऑर्डर घेतली. एका पंगतीला भरीत, पुरी आणि कढी. दुसरीला काळ्या मसाल्याचं चिकन आणि कळण्याची भाकरी. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून १४ जणांना मुरडा, जुलाब आणि ताप आला. दोघांना सलाईन लावावं लागलं. सगळे भरिताच्या पंगतीतले! चिकन खाल्लेल्या एकालाही काही झालं नाही. कुणी म्हणालं वांग्यांवर फवारा होता, कुणी म्हणालं कढी बाधली. वांगी खास बामणोदची आणली होती, काड्यांवर भाजली होती.

त्या दिवशी सकाळी ६ वाजता १२ किलो चिकन आलं. जाऊबाईंनी मोरीत धुतलं, कापलं, मोठ्या परातीत मसाला लावून ठेवलं. चिकन पातेल्यात गेल्यावर परात विसळून तिच्यातच वांगी सोलली, मग बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचली, वरून फोडणी ओतली आणि हिरवीगार दिसावी म्हणून कांद्याची पात कच्चीच मिसळली. साडेनऊला भरीत झाकून ठेवलं, पंगत दीडला बसली. सांगा, चुकलं कुठे? चिकनच्या ऑर्डरी बंद करू का? आणि जाऊबाई त्या दिवसापासून गप्प आहेत, त्यांच्याशी काय बोलू?

– एक खानावळवाली, भुसावळ

उत्तर:

ताई, आधी तुमच्या मनावरचं एक ओझं उतरवते. वांगी निर्दोष होती असं मला वाटतं. कढीही बहुधा निर्दोष होती. ती आंबट असते आणि उकळून निघालेली असते. फवाऱ्याचा त्रास असता तर तो सहसा काही तासांतच दिसला असता, पंधरा तास थांबून ताप घेऊन आला नसता. जेवण दीडला झालं आणि मुरडा पहाटे सुरू झाला, सोबत ताप आला. ही वेळ आणि ही लक्षणं कच्च्या कोंबडीतून येणाऱ्या साल्मोनेलासारख्या जिवाणूंशी जुळतात. तो त्रास बहुधा जेवल्यापासून १२ ते ३६ तासांत सुरू होतो. तपासणी न झाल्यामुळे छातीवर हात ठेवून कुणीच सांगू शकणार नाही, पण तुम्ही लिहिलेला सकाळचा क्रम वाचला आणि मला वाट स्पष्ट दिसली. चिकन सगळ्या घरात फिरलं, फक्त चिकनच्या पातेल्यातलं तेवढं शिजलं.

तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच की त्रास शाकाहारी पंगतीला झाला. त्यात काहीच आश्चर्य नाही. कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू असू शकतात आणि कोंबडी मात्र धडधाकट दिसते. कापताना, पिसं काढताना ते मांसावर येतात. तुमचा रस्सा चांगला रटरटला असणार. मांस आतपर्यंत ७५ अंशांना पोचलं की हे जिवाणू मरतात, त्यामुळे चिकनची पंगत सुखरूप राहिली. भरीत मात्र परत चुलीवर गेलंच नाही. विसळलेल्या परातीतून, कदाचित त्याच सुरीने कापलेल्या पातीतून आणि मोरीतून उडालेल्या थेंबांतून जे काही त्याला लागलं, ते तसंच पानात गेलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं आहे. स्वयंपाकघरात शिरलं की ‘यातलं नासणारं काय’ असं विचारू नका, ‘यातलं आता परत चुलीवर न जाणारं काय’ असं विचारा. कोशिंबीर, ठेचा, चिरलेला कांदा, लिंबाच्या फोडी, कोथिंबीर, भाजून सोललेली वांगी, तव्यावरून उतरवलेली भाकरी, ताटं, वाट्या, पाणी. तुमच्या घरातली जोखमीची माणसं ही. चिकनला सांभाळायची गरज कमी आहे, याच मंडळींना चिकनपासून सांभाळायचं आहे.

फोडणीबद्दलही बोलते, कारण ही चूक मी चांगल्या चांगल्या हातांकडून होताना पाहिली आहे. घरी चार माणसांचं भरीत करताना आपण मिरची, लसूण, शेंगदाण्यांची फोडणी कढईत करतो आणि वांगं तिच्यातच परततो. सगळं भरीत चरचरत गरम होतं. पंधरा किलोंचं भरीत कढईत मावत नाही, म्हणून फोडणी वरून ओततो आणि उलथन्याने हलवतो. तेल जिथे पडतं तेवढाच भाग तापतो, बाकीचं भरीत कोमट राहतं. त्यात कच्ची, ओली पात घातली, झाकण लावलं आणि चार तास ठेवलं. थंडीचे दिवस असले तरी मोठ्या पातेल्याच्या पोटात थंडी शिरत नाही. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतची ऊब या जिवाणूंना मानवते. मनासारखी ऊब आणि ओल मिळाली तर एकाचे दोन व्हायला त्यांना वीसेक मिनिटं पुरतात. हिशोब करून पाहा: चार तासांत एकाचे चार हजारांवर होतात. परातीला लागलेलं किरकोळ होतं, झाकणाखालच्या चार तासांनी ते मोठं केलं.

पुढच्या वेळी भरीत तीन-चार घाण्यांत करा. प्रत्येक घाणा कढईत वाफ येईपर्यंत परता, पातसुद्धा त्याच्यात टाका. हिरवा रंग थोडा कमी होईल, होऊ द्या. आणि वांगी सकाळी भाजून, सोलून ठेवली तरी फोडणी पंगतीच्या अर्धा तास आधी घाला. तोवर सोललेली वांगी झाकून फ्रीजमध्ये किंवा उथळ भांड्यांत पसरून लवकर गार करा. खोल पातेल्यात कोंबून ठेवू नका.

आता परातीकडे येऊ. परात ‘विसळून’ असं तुम्ही लिहिलं आहे, ‘धुऊन’ असं नाही. या दोन शब्दांतच सगळी गोष्ट आहे. नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात विसळण्यावर भागवायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. पण चिकनची चरबी नुसत्या पाण्याने सुटत नाही. आधी साबण लावून घासायचं, मग पाण्याने धुवायचं, मग जंतुनाशक, मग उन्हात किंवा वाऱ्यावर कोरडं करायचं, याच क्रमाने. चिकट भांड्यावर आधीच ब्लीच ओतलं तर ते चरबीवरच संपून जातं. ४ ते ५ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात ४ मिली पुरे, म्हणजे लहान चमचा जेमतेम भरेल इतकं. ओटा, पाट, सुरी यांवर ते दोन मिनिटं राहू द्या. हे पाणी रोज ताजं करा. संडास धुवायच्या ॲसिडजवळ ब्लीचची बाटली ठेवू नका. दोन्ही एकत्र झाले तर विषारी वायू निघतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

ब्लीच नको वाटलं तर उकळतं पाणी आहे, आणि आपल्याकडे ऊन आहे. खान्देशातलं ऊन फुकट मिळतं, त्याचा उपयोग करा. ओलाव्याशिवाय जिवाणू वाढत नाहीत, म्हणून खणखणीत वाळलेलं भांडं हे अर्धं काम आहे.

बडगी टाकून देऊ नका. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की लाकूड वाईट, प्लॅस्टिक आणा. तसं काही नाही. लाकडाला चिरा पडल्या, खोल घाव झाले की ते धुतलं जात नाही, आणि प्लॅस्टिकच्या पाटाचंही अगदी तसंच होतं. बडगी फक्त भरिताची राहू द्या. काम झालं की घासून, उकळतं पाणी ओतून, उन्हात उपडी घाला. चीर दिसली तर मात्र ती घरच्या शोभेला ठेवा आणि नवी घ्या.

चिकन कापायचा लाकडी ठोकळा, सुरी आणि परात यांना कायमचं वेगळं काढा. मोठ्या हॉटेलांत लाल, हिरवे, निळे, पिवळे असे अनेक रंगांचे पाट असतात. तुम्हाला दोन पुरेत: लाल कच्च्या मांसाचा, हिरवा भाजीचा. भांड्यांना रंगाच्या पट्ट्या लावल्या तर दोन घासण्यांत निघून जातात. त्यापेक्षा एक करा. आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घेतो ना, तसं भांड्यांच्या दुकानात जाऊन चिकनच्या परातीवर, पातेलीवर, डावावर आणि सुरीच्या पात्यावर ‘कच्चं’ एवढंच कोरून घ्या. मदतीला आलेली नवी बाईही मग चुकणार नाही. डाव मुद्दाम लिहिला आहे. कच्च्या मसाल्याच्या चिकनमध्ये फिरवलेला डाव तसाच रश्श्यात बुडवून चव बघायची, ही सवय फार घरांत आहे. आणि विळी विसरू नका. एकाच विळीवर चिकनची चरबी काढली आणि मग काकडी चिरली तर सगळे रंगीत पाट व्यर्थ आहेत. विळी फक्त भाजीला.

तुमच्याकडे जागा नाही, दोन ओटे नाहीत, हे पत्रावरून कळतं. जागा वेगळी करता येत नसेल तर वेळ वेगळी करा. चिकनवाल्याला ६ वाजता बोलावण्याची काही गरज नव्हती. रस्सा दीड वाजता लागणार होता. आधी पात, कोथिंबीर, कांदा, कोशिंबीर, वांगी, सगळं आटोपून, झाकून, बाजूला ठेवून द्या. मग चिकन घरात येऊ द्या. ते शेवटी येईल आणि थेट पातेल्यात जाईल. त्यानंतर ओटा आणि मोरी घासली की संपलं. याला एक पैसाही लागत नाही.

चिकन धुण्याचं काय? जगभरचे जाणकार सांगतात की धुऊच नका, कारण पाण्याने जिवाणू जात नाहीत, उलट थेंब उडून आजूबाजूला पसरतात. पण समोर कापून दिलेल्या कोंबडीला पिसं, रक्त लागलेलं असतं आणि न धुता शिजवायला तुमचा हात धजणार नाही, हे मला ठाऊक आहे. मग निदान वाहत्या नळाखाली धुऊ नका. खोल पातेल्यात पाणी घ्या, चिकन हळू बुडवा, पाणी न उडवता मोरीत सोडा. त्या वेळी मोरीत दुसरं एकही भांडं नको, शेजारी पाण्याचं उघडं पिंप तर अजिबात नको. पिंपावरून आठवलं: पिंपात हात घालून तांब्या बुडवणं बंद करा. चिकनचा हात एकदा पिंपात गेला की दिवसभर सगळं त्याच पाण्याने धुतलं जातं. पिंपाला तोटी बसवून घ्या. माझ्या मते तुमच्या घरातला पहिला खर्च हाच व्हावा.

आता फडकं. हा भाग मी जरा लांबवणार आहे. धुळ्यात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी २२ वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात एका रविवारी अंडाकरी आणि काकडीची कोशिंबीर होती. रात्रीतून ९ मुली आजारी पडल्या, त्यातल्या चार तर अंडं न खाणाऱ्या. मी दोन दिवस काकडीवाल्याला बोलत होते. तिसऱ्या दिवशी ओट्यावरचं फडकं उचललं आणि त्याचा वास आला. अंडी फोडताना सांडलं ते त्या फडक्याने पुसलं, आणि वाढायच्या आधी ताटंही त्याच फडक्याने पुसली गेली. पुसणारी मीच होते. त्या मुलींपैकी एक परीक्षेला बसू शकली नाही, तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून ताटं पुसायची नाहीत, उभी करून निथळू द्यायची, असा मी नियम केला. ओट्यासाठी रोज बारा फडकी, प्रत्येक मोठ्या कामाला नवं, संध्याकाळी सगळी उकळून दोरीवर. कच्च्या मांसाचं सांडलेलं तर फडक्याने पुसायचंच नाही. जुन्या वर्तमानपत्राने टिपायचं, कागद फेकायचा, मग ती जागा साबणाने धुवायची.

पदर आणि ओढणी हीसुद्धा फडकीच आहेत, ताई. मसाला लावता लावता हात पदराला पुसला, मग त्याच पदराने गरम झाकण धरलं. कमरेला ॲप्रन बांधा आणि चिकनचं काम झालं की तो सोडून ठेवा. हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, निदान २० सेकंद. चिकननंतर तर धुवायचेच. पण मोबाइल उचलल्यावर, पैसे घेतल्यावर, नाक पुसल्यावरसुद्धा. हातमोज्यांवर फार विसंबू नका. मोजा घातलेला हात आपल्याला स्वच्छ वाटतो आणि आपण त्याच हाताने फ्रीज उघडतो. बोटाला कापलं, भाजलं असेल तर मात्र पट्टी आणि तिच्यावर मोजा हवाच. जखमेतले जिवाणू अन्नात वाढून जे विष सोडतात, ते नंतर उकळूनही जात नाही.

फ्रीजमध्ये कच्चं चिकन सगळ्यात खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या भांड्यात, झाकून. वर ठेवलं तर पिशवीतून गळणारं पाणी दह्यावर आणि भिजवलेल्या कणकेवर पडतं. दोन-तीन तास वीज गेली तर फ्रीज उघडत बसू नका.

कच्चं म्हणजे फक्त मांस असं मात्र समजू नका. मातीसकट आलेली पात, मेथी, कोथिंबीर ज्या परातीत निवडली, तिच्यात शिजलेला भात पसरायचा नाही, हेही त्यातच येतं.

शेंगदाण्याचा एक वेगळा मुद्दा आहे. आपल्या जेवणात दाणा नाही असं पान शोधावं लागतं: भरितात, ठेच्यात, कुटात, काही घरी रश्श्याच्या वाटणातही. ज्याला दाण्याची ॲलर्जी आहे, त्याला दाण्याच्या कुटाचा हात लागलेला पदार्थही जिवावर बेतू शकतो, आणि इथे उकळण्याचा काही उपयोग नाही. जिवाणू मरतात, दाण्याचा अंश तसाच राहतो. क्लासची मुलं बाहेरगावची असतात. डबा लावतानाच विचारा, आणि कुणी ‘दाणा चालत नाही’ म्हणालं तर स्वच्छ धुतलेल्या भांड्यात, सगळ्यात आधी, वेगळ्या डावाने त्याचं करा. जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

चिकन बंद करायची गरज नाही, हे आतापर्यंत लक्षात आलंच असेल. नोंदणी नसेल तर करून घ्या. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली खानावळही येते. तिला १४ आकडी नोंदणी क्रमांक मिळतो. त्याखालच्या २०११ च्या नियमांतल्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेचे नियम दिलेले आहेत. ‘फोस्टॅक’ नावाचं प्रशिक्षणही असतं. दोघी जावा मिळून जा.

आणि दर ऑर्डरीला प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवत चला. मी ४८ तास ठेवत असे. त्या दिवशी तुमच्याकडे भरिताची एक वाटी असती तर आज मला अंदाज बांधावा लागला नसता.

आता जाऊबाई. त्यांच्याशी बोलताना ‘तुमच्यामुळे झालं’ हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत, कारण ते खरंही नाही. त्यांनी जन्मभर जे केलं ते घरच्या स्वयंपाकाला पुरत होतं. घरी भरीत झालं की दहा मिनिटांत पानात पडतं. परातीला काही लागलं असलं तरी त्याला वाढायला वेळच मिळत नाही. माणसं ५ ची ७० झाली आणि दहा मिनिटांचे चार तास झाले. पद्धत तीच राहिली, काम बदललं. हे असंच त्यांना सांगा. आणि मग विचारा, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा तुम्ही कधी कुणाला घालू दिला का? नाही दिला. एका ओल्या चमच्याने वर्षाचं लोणचं जातं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चिकनची सुरी हा तोच ओला चमचा आहे. ‘कच्चं’ कोरलेली परात आणि सुरी त्यांच्याच ताब्यात द्या. त्या दोन वस्तू दुसऱ्या कशाला लागू न देण्याचा अधिकार त्यांचा. तुम्हीसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

साखरपुड्याच्या घरी अजून गेला नसाल तर दोघी जा. ‘वांगी खराब होती’ असं सांगू नका. आमच्याकडे चिकनची परात नीट धुतली गेली नव्हती, आता आम्ही हे हे बदललं आहे, असं सांगा. ज्यांना सलाईन लागलं त्यांच्या दवाखान्याचा खर्च विचारा. कदाचित ते रागावतील, ऐकून घ्या. त्या १४ जणांत कुणी म्हातारं, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि अजून अशक्तपणा किंवा जुलाब असतील, तर डॉक्टरांना परत दाखवायला सांगा.

आणि पुढची ऑर्डर घ्या. चिकनवाल्याला साडेदहाची वेळ द्या.